वरच्या अकरा पट्ट्या

जळगाव, ता. ११ मे १९४०

चि. अमीन यास रुपचंद मिस्त्रीचे आशीर्वाद.

मी माझ्या दोन हातांनी केलेल्या वस्तू अशा. नशिराबादच्या मारुतीच्या देवळातलं घड्याळ, दातेरी चाकांसकट. आठवड्याला पाऊण मिनिट मागे पडतं, ते मी लपवत नाही. पाचोऱ्याच्या भजनी मंडळाची पेटी, भात्यापासून सुरांपर्यंत. वना हमालाचा लाकडी डावा पाय, ज्याचा गुडघा वाकतो. त्या पायावर वना स्टेशनापासून बाजारपेठेपर्यंत चालतो आणि पोळ्याला बैलांपुढे नाचतो. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनच्या सुऱ्यांना धार लावायचं यंत्र, जे आमच्या फॅक्टरीत चौदा वर्षं चालू आहे आणि ज्यावर शेठजींनी स्वतःचं नाव कोरून घेतलं आहे. तुझ्या वडिलांच्या बँडमधल्या तीन कॉर्नेट तुताऱ्यांचे नऊ दट्टे. मोडक्या तीन शिवणयंत्रांतून एक चालतं. यातलं काही मला कुणी शिकवलं नाही. शाळा मराठी चौथी. पुढे कानस आणि मी.

हे लिहायचं कारण तुझं कार्ड. त्यात तू विचारतोस, "नाना, हे तुम्हाला जमेल का?"

मला समजलं ते असं. मुंबईच्या हॉटेलातल्या जॅझ बँडमध्ये तू तीन वर्षं व्हायब्राफोन नावाचं वाद्य वाजवलंस. लढाई लागली तसा बँडचा गोरा मालक विलायतेला गेला, आणि वाद्य त्याचं असल्यामुळे तेही गेलं. तू धुळ्याला येऊन वडिलांच्या लग्नाच्या बँडमध्ये ताशा बडवतो आहेस. नवा बँडमास्टर म्हणतो, एक डिसेंबरला स्वतःचं वाद्य घेऊन ये, जागा तुझी. नाही आलास तर दुसरा पाहतो. विलायतेचा माल बंद. म्हणून मी.

ठीक आहे. पण "साधारण हातभर पट्ट्या" हे माप नव्हे. कुणाचा हात? माझा की तुझ्या अब्बांचा, कादरभाईंचा? इंच आणि सूत लिही. वाद्य मी पाहिलेलं नाही. नीट वर्णन कर, म्हणजे पाहिल्यासारखं होईल.

रुपचंद


धुळे, ता. १९ मे १९४०

ती. रुपचंदनाना यांस अमीनचा सलाम.

चूक झाली. "जमेल का" हे मी तुम्हाला नव्हे, माझ्या नशिबाला विचारलं होतं. तुमचं पत्र अब्बांना वाचून दाखवलं. लकव्याने तोंड वाकडं झालंय, तरी हसले. म्हणाले, "मिस्त्री को ऐसा पूछा? अब वो बनाएगा भी और जिंदगीभर सुनाएगा भी."

वाद्य असं आहे. पेटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात त्याच मांडणीने ॲल्युमिनियमच्या सदतीस पट्ट्या, आडव्या, दोरीवर टांगलेल्या. खाली प्रत्येकीची एक पितळी नळी, तळाला बंद. पट्टीवर काठीने मारायचं. काठीच्या टोकाला सुताचा गोळा. सूर नळीत घुमतो. नळीच्या तोंडाशी रुपयाएवढी एक चकती असते. मोटरीने सगळ्या चकत्या एका दांड्यावर फिरतात, तोंड उघडतं, मिटतं, उघडतं, मिटतं. त्यामुळे सूर नुसता वाजत नाही, श्वास घेतो. पायाखाली एक दांडी, ती सोडली की जाड लोकरीचा नमदा पट्ट्यांना टेकतो आणि सगळं गप्प.

पहिल्यांदा ऐकलं ते १९३५ साली. एका कापसाच्या दलालाच्या मुलीचं लग्न वाजवायला अब्बांचा बँड मुंबईला गेला होता. बँड परतला, मी राहिलो. हॉटेलात खुर्च्या मांडायचं काम मिळालं. गोव्याचा एक क्लॅरनेटवाला मला कागदावरचे सूर वाचायला शिकवायचा, मी त्याचे बूट चमकवायचो. अमेरिकेहून आलेला एक काळा वादक तिथे व्हायब्राफोन वाजवी. मी खुर्ची हातात धरून उभाच राहिलो. तो म्हणाला, ताल येतो का? मी खुर्चीच्या पाठीवर लग्नाचा ताल वाजवून दाखवला. तो मुलूख सोडून गेला तोपर्यंत त्याची जागा माझी झाली होती.

जॅझ म्हणजे काय, तर चाल एकदा सरळ वाजवायची. मग प्रत्येकाने पाळीपाळीने ती आपल्या मनाने हिंडवून आणायची आणि ठरल्या मात्रेला घरी यायचं. वाट चुकली तर सगळ्यांदेखत.

नाना, घरात अब्बा, बायको हसीनाबी, दोन मुली. पोट ताशावरही भरेल. पण वरातीत काठी पडते आणि माझा हात पुढचा सूर शोधायला सरकतो, आणि तिथे सूर नसतो. तेच कातडं. एक डिसेंबर चुकली तर आयुष्यभर तेच कातडं आहे, हे मला ठाऊक आहे.

हॉटेलातल्या वाद्याची मापं मी कार्यक्रमपत्रिकेच्या मागे उतरून ठेवली होती. सोबत आहेत. सगळ्यात लांब पट्टी चौदा इंच पाच सूत. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मुंबईच्या भंगारबाजारातून रेल्वेने पाठवायला सांगितल्या आहेत.

आपला,
अमीन


जळगाव, ता. १४ जुलै १९४०

चि. अमीन,

मापं चांगली आहेत. दोन चुकली होती, ती मी बाकीच्यांवरून काढली.

पहिली अडचण मोठी होती. पट्टी मध्ये धरली तर ठक्क वाजते, टोकाला धरली तरी ठक्क. मग टांगायची कुठे? हे तुझ्या कागदावर नाही. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी घरात रांगोळीचा डबा दिसला. पट्टी दोन दोऱ्यांवर ठेवून वर रांगोळी भुरभुरली आणि सुताच्या गोळ्याने मारत राहिलो. रांगोळी नाचत नाचत सरकली आणि दोन रेघांवर जाऊन बसली. तिथे पट्टी हलतच नाही. दोन्ही टोकांपासून लांबीच्या शंभरात साडेबावीस भाग सोडून. भोकं तिथे.

आमच्या सौ. मंजुळाबाईंचं माहेर साक्रीकडचं, तोंड तिकडचंच. म्हणाल्या, "देवपुढे रांगोळी काढानी म्हन्तं तं तुमले लाज वाटस, आन लोखंडवर काढतस!"

मी म्हटलं, लोखंड नव्हे, ॲल्युमिनियम.

पट्ट्या जुळल्या की नळीची लांबी पाण्याने काढणार. नळी उभी धरून वर पट्टी वाजवायची आणि नळीत थोडं थोडं पाणी ओतत जायचं. एका जागी सूर एकदम फुगतो. तिथे खूण करून पितळेचा तळ डाग देऊन बसवायचा. मोटर मी ग्रामोफोनच्या चापाची, म्हणजे पोलादी स्प्रिंगची, केली. किल्ली भरली की चार मिनिटं वीस सेकंद. वीज असो नसो, साक्रीच्या डोंगरातसुद्धा वाजेल.

प्रत्येक पट्टीच्या पोटाला "रु" असा ठसा मारला आहे. पट्ट्या कुठल्या सुराशी जुळवायच्या ते लौकर कळव.

रुपचंद


धुळे, ता. २५ जुलै १९४०

ती. नानांस सलाम.

जळगावच्या सर्व्हिस मोटारीने एक हातपेटी पाठवली आहे. हॉटेलच्या पियानोशी तिचे सदतीस सूर मुंबईत जुळवून घेतले होते. तिला प्रमाण माना. ड्रायव्हर धनसिंग ओळखीचा आहे, पण उतरवताना तुम्ही स्वतः हजर राहा. तो पेटीवर बसतो.

ताशा वाजवून सध्या हाताला घट्टे पडलेत. अब्बा म्हणतात, "घट्टे को घट्टे नहीं बोलते, पगार बोलते." मी तुमच्या मोटरीची चार मिनिटं वीस सेकंद घड्याळ लावून डोक्यात वाजवतो. मुली विचारतात, अब्बा हवेत काय मारताय?

अमीन


जळगाव, ता. २२ सप्टेंबर १९४०

चि. अमीन यास आशीर्वाद.

झालं. येऊन घेऊन जा.

कसं केलं ते लिहितो, कारण विचारायचं तुला सुचणार नाही. पट्टीच्या पोटाला मध्यावर कानस लावली की सूर उतरतो, टोकांना लावली की चढतो. मध्यावर एक हात जास्त बसला तर टोकं झिजवावी लागतात, आणि पट्टी कायमची दुबळी होते. म्हणून सावकाश. पेटीचा सूर धरायचा, पट्टी वाजवायची. दोन सूर जवळ आले पण जुळले नाहीत तर त्यांच्यात लाट ऐकू येते, वांव-वांव-वांव. जुळत आले की लाट मंद होते. लाट थांबली की हात थांबवायचा. एकेका पट्टीला दोन-दोन संध्याकाळी लागल्या. फॅक्टरीतून सुटल्यावर रोज दोन तास. खालच्या सव्वीस पट्ट्यांनी श्रावण खाल्ला आणि भाद्रपदही.

पण वरच्या अकरा पट्ट्या! तुला पटणार नाही. त्यांच्यात लाट पहिल्यापासूनच नव्हती. कापून लांबीवर आणल्या, पेटीशी लावल्या, आणि लाट नाहीच. मी दोन-दोनदा तपासलं. वरच्या भागात धातूच माझ्या बाजूचा निघाला. अकरा पट्ट्या दीड दिवसात. आयुष्यभर नीट माप घेणाऱ्याला कधीतरी असं फळ मिळतं.

रुपचंद


धुळे, ता. ९ ऑक्टोबर १९४०

ती. रुपचंदनाना यांस अमीनचा सलाम.

वाद्य सुखरूप पोचलं. रोजे चालू आहेत, तरी आळीतली माणसं दारात उभी होती. मी खालच्या पट्ट्यांवर हळूच एक चाल वाजवली. अब्बांनी डावा हात उचलून कपाळाला लावला. नाना, खालचे सूर असे आहेत की गोऱ्याच्या वाद्यात नव्हते. खोटं बोलत नाही. मोटरीचा श्वास अगदी माणसाचा आहे.

एक विचारायचं होतं. हॉटेलचा पियानो या दिवसांत थोडा सरकलेला असू शकतो. त्याच्याशी मिळवायला वरच्या काही पट्ट्यांना इकडेतिकडे जरा हात लावावा लागला तर तुमची हरकत नसावी. अगदी जरासा. तुम्हाला त्रास नको, इथेच कुणाकडून करून घेईन.

मंजुळामावशींना सलाम. त्यांच्या हातच्या पुरणाच्या मांड्यांची आठवण मुली अजून काढतात.

अमीन


जळगाव, ता. १३ ऑक्टोबर १९४०

चि. अमीन,

हरकत आहे. पियानो सरकला असेल तर पियानोवाल्याने जुळवून घ्यावं. ज्या पट्टीला दुसऱ्याची कानस लागली ती माझी नव्हे.

दोरी सुती आहे, ती ताणेल. रेशमाची वळून घेऊन रविवारी सतरा नोव्हेंबरला मी स्वतः येतो आणि बदलतो.

रुपचंद


जळगाव, ता. १८ नोव्हेंबर १९४०

अमीन,

काल मी धुळ्यास तुझ्या घरी होतो. तू साक्रीला लग्न वाजवायला गेला होतास. कादरभाई होते. हसीनाबीने चहा दिला.

मी दोरी काढली. पट्ट्या उलट्या करून चटईवर ओळीने मांडल्या. मी डावखुरा आहे. माझ्या कानशीचे ओरखडे पट्टीच्या पोटावर उजवीकडे उतरतात. सव्वीस पट्ट्यांवर ते तसे आहेत. वरच्या अकरांवर ते डावीकडे उतरतात.

मी विचारलं, "कादरभाई, याला हात कुणी लावला?"

ते म्हणाले, "मिस्त्री, चाय पिओ. ठंडी हो रही."

"हात कुणी लावला?"

"बन्सीलाल सुनार आया था. अमीन ने बुलाया. दो जुम्मे बैठे दोनों, पेटी लेके." मग म्हणाले, "गुस्सा थूक दो, यार. लडका मजबूर था."

सोनार! नथीची फिरकी करणारा माणूस माझ्या वाद्याच्या पोटाला कानस लावतो, तेही मी स्पष्ट नाही म्हणून लिहिल्यावर. तुला माझ्यावर विश्वास नव्हता तर मे महिन्यात सांगायचं होतं. तुझं पहिलं कार्ड माझ्याजवळ आहे. "जमेल का" हे तू नशिबाला विचारलं नव्हतंस.

मी नवी दोरी ओवून दिली आहे, कारण ती द्यायचं कबूल केलं होतं. मोटर काढून आणली आहे. ती माझी आहे, तिला अजून कुणी हात लावलेला नाही. श्वास न घेणारं वाद्य घेऊन खुशाल मुंबईला जा.

रुपचंद


धुळे, ता. २० नोव्हेंबर १९४०

ती. नानांस अमीनचा सलाम.

साक्रीचं लग्न मी मुद्दाम घेतलं. तुमच्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. आता अकराच दिवस उरलेत आणि मोटर तुमच्याकडे आहे. गोड लिहून ती मागावी असं हसीनाबी म्हणते. तसं एक पत्र लिहिलंही होतं, तुमची माफी मागणारं, सगळं बन्सीलालवर ढकलणारं. ते फाडलं. मोटर मिळो न मिळो, खरं ते असं आहे.

वाद्य न्यायला मी ऑक्टोबरात तुमच्याकडे आलो. वरच्या अकरा पट्ट्या पेटीशी लावल्या. नाना, त्या जुळलेल्या नव्हत्या. एकही नाही. काही अर्ध्या सुराने चढ्या होत्या. शाळेतलं पोरही कान झाकून घेईल इतक्या. मला वाटलं, तुम्ही थट्टा करता आहात.

मग आठवतं का, तुम्ही डोळे मिटून आरामात बसलात आणि म्हणालात, "आता वरच्या वाजव, चढत्या." मी त्या उलट्या वाजवल्या. उतरत्या. मनात शंका आली म्हणून. तुम्ही मान डोलावली आणि म्हणालात, "चढतं कसं सरळ, पाहा." मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या.

तुम्हाला वरचे सूर ऐकू येत नाहीत. काठी पट्टीवर आपटल्याचा ठोका येत असेल, सूर नाही. लाट नव्हती असं तुम्ही लिहिलंत, ती होती. तुम्हाला ऐकू आली नाही, म्हणून ती थांबली असं तुम्ही धरलं. तीस वर्षं तुम्ही जिनच्या शेजारी उभे आहात. तिथल्या खडखडाटात आम्हाला दोन शब्द बोलायलाही बाहेर यावं लागतं.

परतताना मी पाचोऱ्याला उतरलो. भजनी मंडळाकडे तुमची पेटी पाहिली. विचारलं, सूर कसे आहेत? तिथले अभिमन बुवा म्हणाले, "पेटी एक नंबर. फक्त वरचे सात-आठ आम्ही वाजवत नाही. आम्हाला वाटलं, मिस्त्रींनी शोभेला ठेवलेत." बारा वर्षं तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. तुमचा राग मला चालला असता, तुमचं उतरलेलं तोंड नाही. आणि खरं सांगायचं तर वाद्य हातचं जाईल ही भीतीही होतीच.

अमीन


जळगाव, ता. २५ नोव्हेंबर १९४०

अमीन यास,

मोटर आज सकाळच्या मोटारीने धनसिंगकडे दिली. खोक्यावर खिळे उलटे ठोकले आहेत, तो बसणार नाही.

किल्ली बावीस फेरे. तेविसावा देऊ नये. तेल शिवणयंत्राचं, दोन थेंब, पंधरा दिवसांनी. मुंबईच्या दमट हवेत चाप गंजेल, वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसावा. चार मिनिटं वीस सेकंद पुरत नसतील तर गाणं थोडं लौकर संपवावं.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

रुपचंद


धुळे, ता. १२ जानेवारी १९४१

ती. रुपचंदनाना यांस अमीनचा सलाम.

बकरी ईदला चार दिवस घरी आलो आहे. मुंबईहून तुम्हाला दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. धनसिंग म्हणाला, मिस्त्री फॅक्टरीत जातात-येतात, कुणाशी बोलत नाहीत.

एक डिसेंबरला मी हजर झालो. नवे मास्तर डिमेलो तिरसट. वाद्य पाहून म्हणाले, "हे काय, खाटेचे पाय?" संध्याकाळी चहाच्या वेळच्या नाचाला मला उभं केलं. माझी पाळी आली. मी चाल खालून उचलली, मधल्या पट्ट्यांवर हिंडवली. वर जाताना काठी बदलून धरली. मग गेलो, अगदी शेवटच्या पट्टीपर्यंत, आणि मात्रेवर परत आलो. नाचणारी दोन जोडपी थांबून पाहत होती. मास्तरांनी आणखी एक फेरा घे म्हणून बोट फिरवलं. मी घेतला, आणि तेवढ्यात मोटर थांबली! उरलेला फेरा मी श्वासाविना वाजवला. लोकांना वाटलं, मुद्दाम केलं. आता मास्तर रोज तसंच करायला लावतात. जागा पक्की झाली.

आता महत्त्वाचं. मुंबईतल्या एका वाद्यांच्या दुकानदाराने ते ऐकलं, खाली वाकून पाहिलं, आणि कुणी केलं म्हणून विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. त्याला अशी आणखी वाद्यं हवी आहेत. लढाई संपेपर्यंत बाहेरून एकही येणार नाही. त्याचं इंग्रजी पत्र आणि त्याखाली मी केलेला मराठी तर्जुमा सोबत जोडला आहे. आकडा मी इथे लिहीत नाही, तुम्ही स्वतः पाहा.

नाना, हो म्हणा. जिन सोडा, तिथे उरलेलंही जाईल. वरच्या पट्ट्या बन्सीलाल लावेल, तो तयार आहे, आणि ठसा तुमचाच राहील. दुकानदाराला मी कानाचं काहीही सांगितलेलं नाही. कुणाला कळायचं कारण नाही.

अमीन


जळगाव, ता. २ फेब्रुवारी १९४१

चि. अमीन यास रुपचंदचे अनेक आशीर्वाद. कादरभाईंना नमस्कार.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण तुझं नोव्हेंबरचं पत्र खरं की खोटं हे मी तपासलं नव्हतं. न तपासता मी काही मानत नाही. मोटर पाठवली ती पत्र मानलं म्हणून नव्हे. ती वाद्याचा भाग आहे, काढून आणणं ही माझी चूक होती.

तपासणी अशी केली. पेटी तुझ्याकडे होती, म्हणून पाचोऱ्याची आणली. तिचे सूर वरती चुकीचे असतील, पण ऐकू येतात की नाही एवढंच पाहायचं होतं. सदतीस चिठ्ठ्यांवर आकडे घालून त्या लोट्यात टाकल्या. मंजुळाबाईंना दाराआड बसवलं. त्यांनी चिठ्ठी काढायची, त्या आकड्याची पट्टी दाबायची, आणि दाबली की दोरी ओढायची. दोरी माझ्या बोटाला. दोरी हलली आणि सूर ऐकू आला तर रेघ, नाही आला तर शून्य. तीन रविवार, रोज तीन फेऱ्या.

सव्वीस सूर दर वेळी. चार कधी येतात कधी नाही. सात एकदाही नाही. चार आणि सात अकरा.

पहिल्या रविवारी दोरी हलत होती आणि समोर काही नव्हतं. मी ओरडलो, "नीट दाबा!" त्या बाहेर आल्या. म्हणाल्या, "दाबी तं राह्यनू. बठ्ठा घर दणाणस."

मी म्हटलं, तुम्हाला हे माहीत होतं?

"माले तीन-चार सालथीन ठाऊक शे."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगं व्हतं ना. तुमले वाटे, मी भांडस."

मी त्यांना म्हटलं, मला काय काय ऐकू येत नाही ते सांगा, मी लिहून घेतो. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. चिमण्या. दूध उतू जाताना शेगडीवर होणारा आवाज. आमच्या लताबाईची लेक आजोबा म्हणून हाक मारते ती, मागून मारली तर. मग थांबल्या. मी म्हटलं, पुढे. म्हणाल्या, मी हळू बोलते ते. मी लिहिलं. पान माझ्याजवळ आहे.

गेल्या आठवड्यात धुळ्याला येऊन बन्सीलालला भेटलो. तुला त्याने सांगितलं नसेल, मीच नको म्हटलं होतं. कानस धरायची त्याची पद्धत चूक आहे, मनगटातून ढकलतो. कान बरोबर आहे. दोन्ही त्याला सांगितलं. त्याने मला गूळ आणि पाणी दिलं आणि म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या खालच्या पट्ट्यांना हात लावायची माझी छाती झाली नसती." तो हे मोठ्याने म्हणाला. आता सगळेच माझ्याशी मोठ्याने बोलतात.

त्याला काम दे. ठसा त्याचा. टांगायच्या रेघा, नळीचं पाणी, मोटर, सगळं मी त्याला लिहून देतो, त्याबद्दल माझी काही अट नाही. पण माझ्या ठशाखाली त्याचा कान मी विकणार नाही. तू म्हणतोस, कुणाला कळणार नाही. बारा वर्षं पाचोऱ्यात कुणाला कळलं नाही, आणि ती पेटी बारा वर्षं चुकीचीच होती.

जिन सोडणार नाही. तिथे मला काय ऐकू येत नाही याची चौकशी कुणी करत नाही. घरी सांगताना हे कारण मी सांगितलं नाही, तूही सांगू नको.

मी हो म्हणावं असं मंजुळाबाईंना अजून वाटतं. त्या म्हणतात, "सव्वीस काय कमी शेत?" मी त्यांच्याकडे तोंड करून ऐकलं.

तू वाजवत राहा. वरच्या पट्ट्याही.

रुपचंद

ता. क. दुकानदाराला तू इंग्रजीत उत्तर लिही, पण मजकूर हाच, यातलं काही गाळू नको. रुपचंद मिस्त्री, जळगाव, यांस वरचे अकरा सूर ऐकू येत नाहीत, सबब ते हे काम घेऊ शकत नाहीत. त्यांस देऊ केलेलं काम: सहा व्हायब्राफोन, मुदत अठरा महिने, धातू आणि चाप दुकानाचे, प्रत्येकी रुपये साडेचारशे. एकूण रुपये दोन हजार सातशे.